पेंटर वैतागला म्हणून सँडपेपरच्या कंपनीने चिकटपट्टी बनवली, मास्किंग टेपवाल्या रिचर्ड ड्रूची गोष्ट

कारला ओरखडा पडला की गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाते. तिथे थोडा वेळ उभं राहिलं तर कामाची एक ठरलेली पद्धत दिसते. आधी वॉटर पेपर पाण्यात बुडवून जुना रंग घासून काढायचा. खड्डा असेल तर लांबी भरायची आणि परत घासायचं. मग काच, हेडलाइट, दरवाजाची मूठ, म्हणजे जिथे जिथे रंग जायला नको तिथे जुने पेपर लावायचे आणि कडेने पिवळसर टेप मारायचा. स्प्रे झाला की टेप ओढायचा. टेप निघतो, रंग जागेवर राहतो.

बघायला अगदी साधं काम आहे. पण साधारण १०० वर्षांपूर्वी यातली शेवटची पायरी पेंटर लोकांना रडवायची. कागद ओढला की त्याच्यासोबत गाडीचा रंगही सोलून यायचा. मग तो पत्रा पुन्हा घासा, पुन्हा रंगवा.

हा त्रास ज्याने संपवला तो ना पेंटर होता, ना केमिस्ट. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेला, बँजो वाजवणारा आणि सँडपेपर तपासायची नोकरी करणारा एक पोरगा होता. त्याचं नाव रिचर्ड गर्ली ड्रू. पुढे घराघरात पोचलेला पारदर्शक सेलोटेपही त्याच्याच डोक्यातून आला.

बँजो वाजवून फी भरणारा रिचर्ड

२२ जून १८९९ ला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल या शहरात रिचर्डचा जन्म झाला. मिनेसोटा विद्यापीठात त्याने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. शिक्षणाचा खर्च भागवायला तो रात्री डान्सच्या कार्यक्रमांमध्ये बँजो वाजवायचा. पण हे गणित फार काळ जमलं नाही. विद्यापीठ सुटलं. तरी त्याने पोस्टाने मशीन डिझाइनचा कोर्स सुरू ठेवला.

१९२१ मध्ये त्याने गावातल्याच एका कंपनीत अर्ज केला. मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. आज आपण तिला थ्रीएम म्हणून ओळखतो. रिचर्डला लॅबमध्ये सहाय्यकाची नोकरी मिळाली. काम काय, तर सँडपेपर नीट बनलाय का ते तपासायचं. एका इंजिनिअरिंग सोडलेल्या मुलासाठी नोकरी ठीकठाक होती, फार काही नाव काढण्यासारखी नव्हती.

खाण घेतली, दगड भलताच निघाला

रिचर्ड ज्या कंपनीत गेला तिची सुरुवातच फसलेली होती. १९०२ मध्ये पाच जणांनी मिळून ती काढली. लेक सुपीरियरच्या काठावर टू हार्बर्स नावाच्या गावात त्यांना कोरंडम सापडलंय असं वाटलं. कोरंडम हे हिऱ्याच्या खालोखाल कठीण खनिज. धातू, लाकूड घासायला एक नंबर. पण खाणीतून जे निघालं ते कोरंडम नव्हतंच. ते अनॉर्थोसाइट नावाचा दगड निघाला, घासकामाला निरुपयोगी.

खाण बुडाली. मग कंपनीने बाहेरून खनिज आणून सँडपेपर बनवायला घेतला. त्यातही फटके बसले. १९१४ च्या सुमारास तर गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या की सँडपेपरवरचे कण गळून पडतायत. शोध घेतल्यावर कारण सापडलं. स्पेनहून आलेल्या गार्नेट या खनिजावर जहाजात ऑलिव्ह तेल सांडलं होतं. तेलकट कण गोंदाला धरणार कसे?

या प्रकरणानंतर कंपनीने स्वतःची लॅब काढली. त्यामागे होते विल्यम मॅकनाइट. १९०७ मध्ये सहाय्यक हिशेबनीस म्हणून लागलेला हा माणूस पुढे कंपनीचा सर्वेसर्वा झाला. रिचर्डच्या गोष्टीत त्यांचा रोल महत्त्वाचा आहे.

थोडक्यात, कण कागदाला घट्ट चिकटवून ठेवायचे, काही केलं तरी सुटू द्यायचे नाहीत, हेच या कंपनीचं सगळं ज्ञान. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा पेच बरोबर याच्या उलटा आहे.

कारचा जुना रंग काढणं एवढं अवघड का होतं?

१९२० च्या आसपास अमेरिकेत गाड्या धडाधड वाढत होत्या. गाड्या वाढल्या म्हणजे ठोकर, ओरखडे, गंज, रंग उडणं हेही वाढलं. आणि कारवर नवा रंग मारायचा तर जुना आधी काढावाच लागतो.

त्याचं कारण असं की, नवा रंग ज्याच्यावर बसतो तेवढाच तो टिकतो. खाली सुटलेला, पोपडे आलेला रंग असेल तर वरचा कितीही भारी मारला तरी खालच्यासकट निघून येतो. शिवाय जिथे जुना रंग संपतो आणि पत्रा उघडा पडतो तिथे एक पायरी तयार होते. ती कड घासून उतरती केली नाही तर नव्या रंगातून रेघ स्पष्ट दिसते. त्यामुळे पेंटरचा निम्मा दिवस घासण्यातच जायचा.

हे घासकाम कोरडं चालायचं. रंगाची भुकटी सगळीकडे उडायची. त्या काळच्या रंगांमध्ये शिसं असायचं आणि ती भुकटी थेट पेंटरच्या छातीत जायची. कोरड्या घर्षणाने रंग तापून चिकट व्हायचा आणि सँडपेपरच्या कणांमध्ये जाऊन बसायचा. थोड्याच वेळात पेपर गुळगुळीत होऊन बाद.

पाणी लावून घासलं तर हे प्रश्न सुटतात. भुकटी उडत नाही, पत्रा तापत नाही, पेपर लवकर भरत नाही. पण अडचण अशी की, साधे सँडपेपर सरसाने बनायचे. सरस पाण्यात विरघळतो. पेपर भिजला की कण सुटून हातात यायचे.

फिलाडेल्फियातल्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाई बनवणाऱ्या गृहस्थाने पाण्यात टिकणारा सँडपेपर तयार केला होता. त्याने खनिजाचे नमुने मागायला थ्रीएमला पत्र लिहिलं. शाईवाल्याला हे कशाला हवंय, अशी मॅकनाइट यांना शंका आली. त्यांनी चौकशी केली आणि थेट हक्कच विकत घेतले. १९२१ मध्ये थ्रीएमचा वेटऑरड्राय सँडपेपर बाजारात आला. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो याच जातीचा.

हा नवा पेपर गॅरेजमध्ये नेऊन वापरून बघणं, पेंटरचं मत घेणं ही जबाबदारी आली रिचर्डवर.

गॅरेजमधला वैताग

१९२३ मध्ये रिचर्ड असाच एक नवा पेपर घेऊन सेंट पॉलमधल्या एका गॅरेजमध्ये गेला. आत शिरला तेव्हा पेंटरचा शिव्यांचा पट्टा सुरू होता.

तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली होती. त्याआधी बाजारात काळ्या गाड्यांचीच गर्दी असायची, फोर्डची मॉडेल टी तर कित्येक वर्षं फक्त काळ्या रंगातच यायची. पण १९२३ पासून ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी ड्यूको नावाचा पटकन वाळणारा लॅकर आणला आणि गाड्यांवर रंगांची चंगळ सुरू झाली. गिऱ्हाइकाला खाली एक रंग, वर दुसरा आणि मधली रेघ एकदम सरळ हवी.

दोन रंग मारायचे म्हणजे पहिला रंग मारून झाल्यावर तो झाकून दुसरा मारायचा. झाकायला पेंटर वर्तमानपत्रं किंवा खाटकाकडचा जाड कागद घ्यायचे आणि तो गोंदाने किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीने लावायचे. चिकटायचा मस्त. काढताना मात्र वाट लागायची. एकतर पहिला रंग कागदासोबत सोलून यायचा, नाहीतर गोंदाचा चिकटा रंगावर राहायचा. तो काढायला गेलं की परत रंग खराब.

म्हणजे ज्या पत्र्यावरचा जुना रंग तासन्‌तास घासून काढला, त्याच्यावर चढवलेला नवाकोरा रंग एका झटक्यात उतरायचा. मग तोच पत्रा परत घासायचा. त्या दिवशी त्या पेंटरचं हेच झालं होतं.

रिचर्डचं काम होतं सँडपेपर दाखवून परत जाणं. खरं तर रंग जितका सोलेल तितका सँडपेपर जास्त खपेल, म्हणजे कंपनीचा फायदाच. पण रिचर्डने तिथल्या तिथे सांगून टाकलं की यावर उपाय मी काढतो. काय उपाय, कसा काढणार, त्याला काही पत्ता नव्हता.

चिकटलं पाहिजे आणि सुटलंही पाहिजे

आता प्रश्न नेमका काय होता ते बघू. टेप रंगावर लावला की तिथे तीन जोड तयार होतात. पहिला, रंग आणि पत्रा यांच्यातला. दुसरा, रंग आणि गोंद यांच्यातला. तिसरा, गोंद आणि कागद यांच्यातला. शिवाय गोंदाचा थर स्वतः अखंड राहणं वेगळंच.

ओढल्यावर जो जोड सगळ्यात कच्चा तिथून सगळं सुटतं. रंग आणि पत्र्याचा जोड कच्चा असेल तर रंग सोलून येतो. गोंद मधूनच फाटला तर अर्धा रंगावर राहतो. कागद कच्चा असेल तर तुकडे पडतात. टेप स्वच्छ निघायचा तर फक्त रंग आणि गोंद यांच्यातला जोडच सगळ्यात कच्चा हवा. पण इतकाही कच्चा नको की स्प्रेच्या हवेने टेप उडून जाईल. त्यात लॅकरमधल्या द्रावणांनी गोंद विरघळता कामा नये.

सँडपेपरच्या कंपनीला कायमचं चिकटवायची सवय. रिचर्डला हवा होता ठरावीक वेळ धरून मुकाट सुटणारा गोंद. त्याने वनस्पती तेलं, राळ, जवसाचं तेल, च्युइंगममध्ये वापरतात तो चिकल नावाचा डिंक, जे सापडेल ते कालवून पाहिलं. हे प्रयोग साधारण दोन वर्षं चालले. शेवटी उत्तर मिळालं ते सुतारकामातल्या सरसात आणि ग्लिसरीनमध्ये. सरस वाळला की कडक होतो, ग्लिसरीन त्याला ओलसर आणि मऊ ठेवतं. त्यामुळे गोंद अंगठ्याने दाबला की धरतो आणि ओढला की सोडतो. पाणी नको, उष्णता नको.

गोंद मिळाला पण कागद दगा देत होता. साधा कागद गाडीच्या गोलाईवर वळत नव्हता, सुरकुतायचा किंवा फाटायचा.

साहेबांनी सांगितलं, हे बंद कर

एवढ्यात मॅकनाइट यांचा निरोप आला. टेपचा नाद सोड आणि सँडपेपरच्या कामाला लाग. कंपनी सँडपेपरची होती, त्यामुळे साहेबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. रिचर्डने काही दिवस ऐकलंही.

मग त्याला चुण्या असलेल्या क्रेप कागदाची कल्पना सुचली. चुण्यांमुळे तो ताणला जातो, गोलाईवर बसतो आणि ओढताना लगेच फाटत नाही. रिचर्ड परत लॅबमध्ये टेपवर कामाला लागला. मॅकनाइट यांनी त्याला हे करताना पाहिलं आणि काही न बोलता ते निघून गेले.

पुढे रिचर्डने हा कागद बनवण्यासाठी मशीन मागितलं. मॅकनाइट यांनी नकार दिला. यावर त्याने जे केलं त्याचा किस्सा कंपनीत आजही सांगतात. रिचर्डला १०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर स्वतःच्या सहीने मंजुरी द्यायचा अधिकार होता. पठ्ठ्याने ९९ डॉलरच्या ऑर्डरी काढायला सुरुवात केली. एकामागून एक, तुकड्या-तुकड्यात. असं करत मशीन उभं राहिलं. नंतर त्याने हे साहेबांना सांगूनही टाकलं.

दुसऱ्या कुठल्या कंपनीत अशा माणसाला नारळ मिळाला असता. मॅकनाइट यांनी त्याला कामावरून काढलं नाही. तोवर टेप चालायला लागला होता. १९२५ मध्ये जगातला पहिला मास्किंग टेप तयार झाला आणि डेट्रॉइटच्या कार कंपन्यांकडून ऑर्डरी यायला लागल्या.

स्कॉच नाव कुठून आलं?

थ्रीएमच्या टेपवर स्कॉच असं लिहिलेलं असतं. अनेकांना वाटतं की याचा व्हिस्कीशी संबंध आहे. तसं काही नाही.

सुरुवातीचा एक टेप सुमारे दोन इंच रुंद होता आणि त्याला गोंद फक्त दोन्ही कडांना लावला होता. मधला भाग कोरडा. एका पेंटरने तो लावला, त्यावर जड कागद टांगला आणि टेप खाली पडला. पेंटर भडकला. हा टेप तुमच्या स्कॉच साहेबांकडे परत न्या आणि अजून गोंद लावायला सांगा, अशा अर्थाचं त्याने सुनावलं.

तेव्हाच्या अमेरिकेत स्कॉच हा शब्द कंजूष या अर्थाने वापरायचे. स्कॉटलंडच्या लोकांना चिडवण्यासाठीचा हा टोमणाच होता. कंपनीने गोंद पूर्ण रुंदीला लावला आणि टोमण्याला ब्रँडचं नाव करून टाकलं. पुढे पाकिटांवर स्कॉटिश चौकड्याची डिझाइनही आली.

कारवरून घरात

१९२९ मध्ये सेंट पॉलमधल्याच एका कंपनीला रेल्वेच्या थंड डब्यांसाठी लागणाऱ्या इन्सुलेशनच्या पाट्या ओलाव्यापासून वाचवून पॅक करायच्या होत्या. त्याचा विचार सुरू असतानाच ड्यूपाँटचा सेलोफेन रिचर्डसमोर आला. काचेसारखा पारदर्शक आणि पाणी न धरणारा. यावरच गोंद लावला तर?

बोलायला सोपं होतं. सेलोफेन मशीनच्या उष्णतेने वळायचा, चिरायचा. गोंद एकसारखा पसरायचा नाही. कागदी टेपचा तपकिरी गोंद पारदर्शक टेपवर घाण दिसायचा. रिचर्डने सेलोफेनवर आधी प्रायमरचा हात मारला, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर मारतात तसाच, आणि त्यावर रबर, तेल, राळ वापरून जवळपास रंगहीन गोंद बसवला.

८ सप्टेंबर १९३० ला पहिला रोल शिकागोतल्या एका कंपनीला गेला. बेकरीचा माल गुंडाळलेला सेलोफेन बंद करायला हा टेप वापरायचा होता. पण नेमकं त्याच सुमारास उष्णतेने सेलोफेन चिकटवायची पद्धत निघाली. ज्या कामासाठी टेप बनवला ते कामच गेलं.

त्यात महामंदी सुरू झालेली. लोकांकडे नवीन वस्तू घ्यायला पैसे नव्हते. मग फाटलेलं पुस्तक, तुटलेलं खेळणं, चिरलेली नोट, खिडकीची फट, सगळ्याला लोक टेप लावायला लागले. कंपनीने सांगितलेला उपयोग राहिला बाजूला, लोकांनी शेकडो नवीन शोधले. १९३२ मध्ये रिचर्डचे सहकारी जॉन बोर्डन यांनी टेप तोडायला पातं असलेला डिस्पेन्सर बनवला. त्याआधी टेपचं टोक शोधून कात्रीने कापत बसावं लागायचं.

जाता जाता एक गोष्ट. आपण ज्याला सेलोटेप म्हणतो तो शब्द रिचर्डच्या कंपनीचा नाही. १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये सेलोटेप नावाचा वेगळा ब्रँड निघाला. तो शब्द इकडे आला आणि सगळ्याच पारदर्शक टेपचं नाव बनला.

हाताखालच्या लोकांना तेच दिलं

१९४३ मध्ये रिचर्डकडे कंपनीच्या एका स्वतंत्र लॅबची सूत्रं आली. इतर विभागांमध्ये न रमणारी, वेगळ्या डोक्याची माणसं तो आपल्याकडे घ्यायचा. जे स्वातंत्र्य त्याला ९९ डॉलरच्या ऑर्डरी काढून मिळवावं लागलं, ते या लोकांना सरळ मिळालं. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी प्रकाश परावर्तित करणारी शीट, जखमेवर लावायचा मायक्रोपोर टेप अशी उत्पादनं या लॅबच्या कामातून आली. मायक्रोपोर तर आजही सलाइनची सुई धरून ठेवायला आपल्या दवाखान्यांमध्ये दिसतो. कातडी न सोलता निघणारा टेप, म्हणजे पेंटरचाच प्रश्न पेशंटच्या अंगावर.

मॅकनाइट यांनीही धडा घेतला. चांगल्या माणसाला मोकळं सोडावं, तो चुकला तरी चालेल पण साहेबाने प्रत्येक गोष्टीत अडवू नये, हे धोरण त्यांनी १९४८ मध्ये मांडलं. कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा थ्रीएममध्ये रूढ झाली. पोस्ट-इट नोट त्यातूनच पुढे आली.

१९६२ मध्ये रिचर्ड निवृत्त झाला. त्याच्या नावावर ३० पेटंट होती. १४ डिसेंबर १९८० ला कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा इथे तो वारला. त्याच वर्षी पोस्ट-इट अमेरिकाभर विक्रीला आली होती. तिचंही वैशिष्ट्य तेच, चिकटते आणि काही न बिघडवता निघते. २००७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये रिचर्डचं नाव गेलं.

त्याच्या शोधाचा एक उपयोग मात्र अजून तोच आहे. दुचाकीचा मडगार्ड रंगवा किंवा घराची खिडकी, टेप फार दिवस उन्हात लावून ठेवायचा नाही, गोंद जुना झाला की तो सुटत नाही. काढताना झटका द्यायचा नाही. टेप मागे दुमडून हळूहळू ओढायचा. एवढं केलं की रंग राहतो आणि पेंटरच्या शिव्याही वाचतात.